साय घुसळली की कोलेस्टेरॉलचं गणित का बदलतं?

सायीचं विरजण घुसळताना बराच वेळ नुसता फेस दिसतो. मग कडेला बारीक कण जमू लागतात आणि बघता बघता लोण्याचा गोळा वर येतो. दुग्धजन्य पदार्थांमुळे कोलेस्टेरॉल वाढतं का, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या घुसळण्यातच दडलेलं आहे.

दुधातली चरबी मोकळी तरंगत नसते. ती काही मायक्रॉन आकाराच्या गोलकांत बंद असते आणि प्रत्येक गोलकाभोवती फॉस्फोलिपिड आणि प्रथिनांचं अतिशय पातळ आवरण असतं. रवी फिरली की आवरणं फाटतात. आतली चरबी एकत्र येऊन लोणी होतं आणि आवरणांचा मोठा भाग ताकात उतरतो. लोणी कढवल्यावर उरलंसुरलं बेरीत जातं. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ चरबी.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली नेमका हाच फरक तपासला. वजन जास्त असलेल्या ५७ प्रौढांना त्यांनी आठ आठवडे रोज ४० ग्रॅम दुधाची चरबी दिली. एका गटाला ती क्रीममधून मिळाली, म्हणजे आवरणासकट. दुसऱ्याला बटर ऑइलमधून, म्हणजे आपल्या तुपासारख्या, आवरण गेलेल्या रूपात. बटर ऑइलच्या गटात एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, सरासरी १४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढलं. क्रीमच्या गटात ते जवळपास जागचं हललं नाही. चरबी तेवढीच, परिणाम मात्र वेगळा! मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण पाकिटावरचा चरबीचा आकडा वाचून हा फरक कधीच कळला नसता.

चरबीमुळे एलडीएल वाढतं ते यकृताच्या वाटेने. दुधाच्या चरबीत साठ टक्क्यांच्या वर संपृक्त मेदाम्लं असतात. ती जास्त झाली की रक्तातलं एलडीएल ओढून घेणारे यकृतावरचे रिसेप्टर मंदावतात आणि एलडीएल रक्तात साचत राहतं. (या रिसेप्टरच्या शोधासाठी मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं.) गोलकाच्या आवरणातले घटक आतड्यात कोलेस्टेरॉलचं शोषण कमी करतात, असं दिसतं. कॅनडात ३४ निरोगी स्त्री-पुरुषांना चार आठवडे रोज ४५ ग्रॅम ताकाची पूड दिली, तेव्हा त्यांचं एकूण कोलेस्टेरॉल सुमारे ३ टक्क्यांनी उतरलं.

चीजचंही असंच. डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात तेवढीच चरबी लोण्याऐवजी चीजमधून दिल्यावर एलडीएल कमी राहिलं. चीजमधलं कॅल्शियम काही चरबीला बांधून शौचावाटे बाहेर नेतं, हे त्याचं एक कारण मानलं जातं.

म्हणून वाटीभर साय खायला हरकत नाही, असं कुणी समजू नये. प्रयोग छोटे आहेत, काही आठवड्यांचे आहेत, आणि सायीतल्या कॅलरी कुठेही जात नाहीत. वरणभातावरच्या चमचाभर तुपाला मी घाबरणार नाही. पण एलडीएल आधीच वाढलेलं असेल, तर तूप-लोणी मोजूनच घ्यावं.

आणि ताक म्हणजे कोणतं ताक, हेही बघायला हवं. कॅनडातली पूड लोणी काढून उरलेल्या ताकाची होती. दह्यात पाणी घालून ब्लेंडर फिरवलेल्या ताकात लोणी काढलेलंच नसतं, त्यामुळे दह्यातली सगळी चरबी पेल्यात तशीच येते.