डिस्कवरचा सिनेमा आणि भागाकारातली बाकी

‘जुन्या सिनेमांच्या डीव्हीडी डिजिटल करून घ्यायच्यात’ असं कुणी म्हटलं की सांगावंसं वाटतं, अहो, त्या आधीपासूनच डिजिटल आहेत! डीव्हीडीवर चित्र नसतंच. 0.74 मायक्रॉन अंतर राखत गोल गोल फिरणाऱ्या रेघेवर सूक्ष्म खड्डे असतात आणि 650 नॅनोमीटरचा तांबडा लेसर ते वाचतो. हाती येतात ते 0 आणि 1. ते जसेच्या तसे हार्ड डिस्कवर उतरवले, तर नकलेच्या नकलेतही चित्र तेच राहतं. ‘कॉपी करत गेलं की प्रिंट खराब होते’ हा कॅसेटच्या काळातला अनुभव इथे लागू नाही.

मग मोबाइलसाठी बनवलेली फाइल डिस्कपेक्षा धूसर का दिसते? कारण ती नक्कल नसते. तिच्यासाठी चित्र उलगडून पुन्हा दाबलेलं, म्हणजे कॉम्प्रेस केलेलं असतं.

दाबावं का लागतं ते आधी पाहू. पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीत एका फ्रेमला 720 × 576 बिंदू आणि सेकंदाला 25 फ्रेम. रंग दर चार बिंदूंमागे एकदाच नोंदवला, तरी सेकंदाला साधारण 15.5 मेगाबाइट होतात. दोन तासांचे झाले 112 जीबी! एका थराच्या डिस्कवर जागा 4.7 जीबी. लागोपाठच्या फ्रेम बहुतांशी सारख्याच असतात, म्हणून फक्त फरक साठवून बरीच जागा वाचते. पण खरी करामत वेगळीच आहे.

एमपेग-2 या डीव्हीडीवरच्या दाबण्याच्या पद्धतीत चित्राचे 8 × 8 बिंदूंचे चौकोन पाडतात. त्या 64 बिंदूंच्या उजेडाचे आकडे काढून त्यांच्या जागी दुसरे 64 आकडे ठेवतात. पहिला आकडा चौकोनाची सरासरी सांगतो. उरलेले 63 उजेड-अंधाराच्या लाटा किती जोरकस आहेत ते सांगतात, आधी संथ लाटा, मग अधिकाधिक दाट. हे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांचा त्यावरचा निबंध 1974 सालचा. इथपर्यंत जवळजवळ काहीच हरवत नाही, आकडे उलटे फिरवले की चित्र परत मिळतं. आता प्रत्येक आकड्याला एका ठरावीक संख्येने भागायचं आणि जवळचा पूर्णांक तेवढा ठेवायचा. डोळ्याला दाट लाटांतली चूक सहसा कळत नाही, म्हणून त्यांचा भाजक मोठा. बहुतेक आकडे शून्य होतात, आणि शून्यांची रांग साठवायला जागा जवळपास लागत नाही.

बाकी मात्र कायमची गेली. समजा मूळ आकडा 37 आणि भाजक 16. भागाकार 2.31, ठेवला 2, परत गुणल्यावर 32. ही झाली डिस्क. आता फाइल लहान करायला भाजक 22 घेतला. 32 ला भागून 1.45, ठेवला 1, परत गुणून 22. मूळ 37 ला थेट 22 ने भागलं असतं तर 1.68, म्हणजे 2, आणि परत गुणून 44. चूक 7 ची झाली असती, ती 15 ची झाली. दर वेळी असंच घडत नाही, पण लाखो चौकोनांत मिळून चित्राचा कस उतरतो.

‘डीव्हीडी टू 4के’, म्हणजे जुनी डिस्क 4के इतकी सुस्पष्ट करून देतो, असं म्हणणाऱ्यांचं हसू येतं ते यामुळे. शून्य झालेला आकडा मुळात 3 होता की 7, हे फाइलला ठाऊक नसतं. एआयने भरलेला बारकावा हा अंदाज असतो, कितीही देखणा दिसला तरी.

तुमचा टीव्ही एमपेग-2 चालवत असेल तर डिस्कवरचा तोच प्रवाह न उलगडता एमकेव्हीच्या वेष्टनात, म्हणजे त्या प्रकारच्या व्हिडिओ फाइलमध्ये ठेवावा. बाकी पुन्हा कापली जात नाही. नसेल चालवत, तर एच.264 सारख्या नव्या पद्धतीने पुन्हा दाबावं लागतं. (बऱ्याच डिस्कना नक्कल रोखण्यासाठी सीएसएस नावाचं 40 बिटांचं कुलूप असतं. ते 1999 मध्येच फुटलं, पण अनेक देशांत ते तोडणं बेकायदा आहे.)

एच.264 कडे वळण्याआधी इंटरलेसिंग, म्हणजे एकाच फ्रेममध्ये दोन क्षणांच्या ओळी गुंफलेल्या आहेत का, ते तपासा. व्हिडिओ कॅमेऱ्याने घेतलेल्या कार्यक्रमात सम आणि विषम ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेल्या असतात, त्यामुळे धावणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याचे दाते दिसतात. हे दाते म्हणजे उभ्या दिशेने बदलणाऱ्या सर्वांत दाट लाटा. त्या साठवण्यात भरमसाट बिट खर्च होतात, तरी दाते जात नाहीतच. म्हणून तिथे डीइंटरलेस, म्हणजे दाते काढणारा फिल्टर आधी, दाबणं नंतर. फिल्मवरून पाल डिस्कवर आलेल्या सिनेमात मात्र दोन्ही प्रकारच्या ओळी सहसा एकाच क्षणाच्या असतात. तिथे तो फिल्टर लावू नका, आहे तो बारकावाही पुसला जाईल.