मस्टँगचा चेहरा, चॅलेंजरचं वजन: रेट्रो मसल कारच्या वादामागचा इतिहास

2005 ची मस्टँग, 2008 ची चॅलेंजर आणि 2010 ची कॅमॅरो. अमेरिकन मसल कारच्या, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या जोरकस गाड्यांच्या, शौकिनांमध्ये जुन्या वळणाने नव्याने काढलेल्या या तीन गाड्यांचा विषय निघाला की आजही दोन तट पडतात. एक म्हणतो, डेट्रॉइटला, म्हणजे अमेरिकन मोटार कंपन्यांना, तीस वर्षांनी का होईना, शहाणपण सुचलं. दुसरा म्हणतो, डिझायनरांच्या डोक्यातल्या कल्पना संपल्या म्हणून त्यांनी आजोबांच्या गाड्या पुन्हा काढल्या. वाद वरवर दिसण्याचा आहे. त्याची मुळं मात्र मधल्या तीस वर्षांत आहेत.

सुरुवात 1964 ची. जनरल मोटर्सच्या पाँटिॲक विभागात जॉन डेलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यम आकाराच्या गाडीत 389 घनइंची इंजिन बसवून जीटीओ काढली. त्याच वर्षी 17 एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात फोर्डने मस्टँग लोकांसमोर आणली. फोर्डचे अधिकारी ली आयाकोका यांचा हिशेब सरळ होता: खाली साध्यासुध्या फाल्कनचे सुटे भाग, वर लांब बॉनेट आणि आखूड मागची बाजू, किंमत 2,368 डॉलर. पहिल्याच दिवशी 22 हजार गाड्यांची नोंदणी झाली आणि दोन वर्षांच्या आत दहा लाखावी मस्टँग कारखान्यातून बाहेर पडली. (कट्टर मंडळी मस्टँगला मसल कार न म्हणता ‘पोनी कार’ म्हणतात. तो वेगळा तंटा आहे, त्यात शिरण्यात अर्थ नाही.) 1966 च्या शरदात शेव्हरोलेची कॅमॅरो आली, 1970 च्या मॉडेलवर्षात डॉजची चॅलेंजर.

मग उतरती कळा लागली. जोरकस इंजिनांवर विमा कंपन्यांनी हप्ते चढवले, 1970 च्या हवा शुद्धी कायद्याने धुरावर बंधनं आणली आणि 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. त्यातच 1972 पासून कंपन्यांनी ताकद मोजायची रीत बदलली. पूर्वी इंजिन एकटं बाकावर ठेवून मोजत, आता सगळा लवाजमा जोडून मोजू लागले. त्यामुळे कागदावरचे आकडे एका वर्षात आणखीच खाली आले. 1974 ची मस्टँग टू पिंटो या छोट्या गाडीवर बेतलेली होती आणि त्या वर्षी अमेरिकेत तिला व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, मिळतच नव्हतं. शौकीन आजही तिचं नाव काढलं की नाक मुरडतात. पहिल्या वर्षी ती सुमारे 3 लाख 85 हजार खपली, हे मात्र सोयीस्करपणे विसरतात.

चाहत्यांच्या हक्काच्या भाषेचं मूळ ऐंशीच्या दशकातल्या एका प्रसंगात आहे. मस्टँगची पुढची पिढी माझ्दाच्या साच्यावर, पुढच्या चाकांवर चालणारी करायची, असं फोर्डने जवळपास ठरवलं होतं. बातमी फुटली आणि पत्रांचा पाऊस पडला. कंपनीने माघार घेतली. ती गाडी ‘प्रोब’ नावाने बाजारात गेली आणि मागच्या चाकांची मस्टँग वाचली. गाडी कंपनीची असली तरी तिच्याबद्दल शेवटचा शब्द आपला, ही भावना तेव्हापासून पक्की झाली.

नव्वदच्या दशकाअखेर जुन्या वळणाच्या गाड्यांची लाटच आली: फोक्सवॅगनची नवी बीटल, क्रायस्लरची पीटी क्रूझर, बीएमडब्ल्यूच्या हाताखालची मिनी. बीटलच्या मूळ कल्पनेमागे असलेले जे मेज 1997 मध्ये फोर्डचे डिझाइनप्रमुख झाले. त्यांच्या काळातली 2002 ची थंडरबर्ड दिसायला देखणी होती, पण महाग आणि दोनच सीटची. चार मॉडेलवर्षांत तिचा कारभार आटोपला. त्यामुळे 2003 च्या डेट्रॉइट प्रदर्शनात मस्टँगचं जुन्या धर्तीचं रूप दिसलं, तेव्हा उत्साहाइतकीच धाकधूकही होती.

या गाडीचे मुख्य अभियंता होते हाउ थाय-टँग. जन्म सायगावचा, 1975 मध्ये कुटुंबासह अमेरिकेत आलेले. लहानपणी सायगावमध्येच त्यांनी पहिल्यांदा मस्टँग पाहिली होती. 2004 च्या शरदात विक्रीला आलेल्या त्यांच्या गाडीची पुढे झुकलेली जाळी, काचेमागची तिरकी पट्टी आणि तीन-तीन उभ्या दांड्यांचे मागचे दिवे थेट साठच्या दशकातले होते. डॅशबोर्डवरची दोन मोठी गोल घड्याळं 1967-68 ची आठवण देणारी, फक्त त्यांच्या उजेडाचा रंग हवा तसा बदलता येई. डिकीच्या मधोमध मोठी गोल चकती होती. साठच्या दशकात तिथे खरोखर पेट्रोलच्या टाकीचं झाकण असायचं. 2005 मध्ये ते नुसतं बिल्ला होऊन बसलं आणि पेट्रोल बाजूने भरायचं. रेट्रोवर टीका करणाऱ्यांचं आवडतं उदाहरण हेच खोटं झाकण. जाहिरातीत तर 1980 मध्येच निधन झालेल्या हॉलिवूड नट स्टीव्ह मॅक्वीनला संगणकाच्या करामतीने मक्याच्या शेतातून चालत आणलं होतं.

खरी खडाजंगी मात्र गाडीखालच्या भागावरून झाली. फोर्डने मागे अखंड ॲक्सल ठेवला, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही त्याचा हिसका बसणार. आधीच्या पिढीतल्या कोब्राला, म्हणजे मस्टँगच्या जोरकस आवृत्तीला, 1999 पासून मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेंशन होतं, त्यामुळे हे पाऊल मागे पडल्यासारखं वाटलं. वळणावळणाच्या रस्त्यांवर गाडी हाणणाऱ्यांनी फोर्डला कंजूष म्हटलं. पाव मैलाच्या सरळ पट्टीवर शर्यत लावणारे खूश होते: अखंड ॲक्सल दणकट, स्वस्त, आणि क्लच झटकन सोडला तरी चाकं थडथडत नाहीत. त्यांच्यातल्या काहींनी तर कोब्राचं स्वतंत्र सस्पेंशन काढून जुना ॲक्सल बसवला होता. पुढे 2012 ची 444 हॉर्सपॉवरची मस्टँग बॉस 302 आली. तिच्यासाठी फोर्डने बीएमडब्ल्यू एम3 हा मापदंड धरला होता आणि तिने याच अखंड ॲक्सलवर वळणंही चोख घेऊन दाखवली. तक्रार पुरती मिटली नाही, पण आवाज खाली आला.

माझ्या मते या सगळ्या काळाचा सर्वात बोलका पुरावा भलतीच गाडी देते. 2004 मध्ये जनरल मोटर्सने ऑस्ट्रेलियाची होल्डन मोनारो जीटीओच्या नावाने अमेरिकेत आणली. 350 हॉर्सपॉवर, पुढच्या वर्षी 400. मागे स्वतंत्र सस्पेंशन, आतलं काम मस्टँगपेक्षा सरस. शौकीन तोंडाने जे जे मागत होते ते सगळं तिच्यात होतं, नव्हता तो जुना चेहरा. ‘ही कसली जीटीओ?’ म्हणत त्यांनी तिला दारात उभं केलं नाही आणि 2006 मध्ये ती बंद पडली. त्याच सुमारास 300 हॉर्सपॉवरची मस्टँग जीटी आणि तिची व्ही-6 धाकटी मिळून फक्त 2005 मध्ये अमेरिकेत दीड लाखावर गेल्या. आज जीटीओचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. शोरूममध्ये नवी उभी होती तेव्हा ते कुठे होते, कोण जाणे.

जनरल मोटर्स आणि डॉजने यातून काय घ्यायचं ते घेतलं. 2006 च्या डेट्रॉइट प्रदर्शनात नव्या कॅमॅरोचं आणि चॅलेंजरचं प्रारूप एकाच वेळी झळकलं. 1969 च्या कॅमॅरोचा साज चढवलेली गाडी 2009 च्या वसंतात विक्रीला आली, कंपनीने 1 जूनला दिवाळखोरी जाहीर करण्याच्या जरा आधी. सांगाडा ऑस्ट्रेलियात घडलेला होता. रोबो होणारी पिवळी कॅमॅरो ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या हॉलिवूडपटामुळे 2007 पासूनच पोरांच्या तोंडी होती. गाडी बाहेरून झकास, पण आत बसलं की पत्रपेटीच्या फटीतून रस्ता पाहिल्यासारखं वाटतं, ही ओरड तिच्या मालकांचीच. तरी 2010 पासून सलग पाच वर्षं अमेरिकेत तिने मस्टँगला विक्रीत मागे टाकलं.

चॅलेंजर मुळाशी सर्वात इमानी आणि तितकीच अवजड. क्रायस्लर 300 च्या सांगाड्यावर 1970 चा आकार उभा करायचा म्हणून ती फुगली, वजन जवळपास 1,900 किलोवर गेलं. ‘बोट’ म्हणून तिची टिंगल झाली. पण मागच्या सीटवर माणसं माणसांसारखी बसू शकत. 2015 मध्ये तिची 707 हॉर्सपॉवरची हेलकॅट आवृत्ती आली आणि टिंगल करणारेही गप्प झाले. मूळ आकार जवळपास तसाच ठेवून ती डिसेंबर 2023 पर्यंत बनत राहिली आणि 2021 मध्ये खपाच्या शर्यतीत मस्टँगलाही मागे टाकून गेली.

फोर्ड मात्र तोवर या वाटेवरून थोडी बाजूला झाली होती. 2015 च्या मस्टँगने जुन्या खुणा सौम्य केल्या, मागे स्वतंत्र सस्पेंशन घेतलं आणि पहिल्यांदा कारखान्यातूनच उजव्या हाताचं स्टिअरिंग दिलं. म्हणून 2016 मध्ये ती 65 लाखांना भारतात अधिकृतपणे येऊ शकली. खऱ्या अर्थाने रेट्रो म्हणावी अशी आधीची पिढी फक्त डाव्या स्टिअरिंगची होती, त्यामुळे ती आपल्याकडच्या शोरूममध्ये कधी लागलीच नाही.

डॉजने चॅलेंजरनंतर आणलेल्या विजेवरच्या चार्जर डेटोनाला 1968 च्या चार्जरचा चेहरा दिला आणि व्ही-8 ची गुरगुर कर्ण्यांतून काढली. शौकिनांनी चेहरा उचलून धरला, आवाजाची मात्र खिल्ली उडवली. पाठोपाठ कंपनीने त्याच गाडीत सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिनही बसवलं.