डिंक्या आणि कार्बेन्डाझिमचा गैरसमज

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळू लागला की सल्ला ठरलेला: "कार्बेन्डाझिम ओता." बुरशीनाशक आहे, मग बुरशी मरणारच, असा सरळ हिशेब. पण डिंक्या, म्हणजे हा डिंक गळण्याचा रोग, करणारी फायटोफ्थोरा खरी बुरशीच नव्हे. ती तपकिरी शेवाळांच्या जवळची, आणि कार्बेन्डाझिम तिच्यावर चालत नाही. पैसे मात्र जातात! मेटॅलॅक्झिल किंवा फोसेटिल-अ‍ॅल्युमिनियम हे औषध तिच्यावर चालतं. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणून बुंध्याला पाणी न लागू देणारं दुहेरी आळं (बुंध्याभोवती एक, त्याबाहेर दुसरं, पाणी फक्त बाहेरच्यात) हवंच. सडलेली साल खरवडून बोर्डोमलम लावा: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. कलमाचा जोड मातीत गाडला असेल, तर आधी तो उघडा करा.