ड्यूरल धमनी-शिरा फिस्टुलावरील एम्बोलायझेशन

मेंदूभोवतीच्या ड्यूरा या जाड आवरणात धमनी आणि शिरा यांचा थेट जोड तयार होतो, तेव्हा त्या विकाराला ड्यूरल धमनी-शिरा फिस्टुला म्हणतात. कवटी न उघडता, रक्तवाहिनीच्या आतून बारीक नळी नेऊन असा जोड बुजवणे म्हणजे त्यावरील एम्बोलायझेशन. एरवी धमनीतले रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यातून पुढे सरकते आणि त्याचा जोर ओसरल्यावरच शिरेत उतरते. फिस्टुलामध्ये हे मधले जाळेच नसल्याने धमनीचा दाब पातळ भिंतीच्या शिरेवर जसाच्या तसा येऊन पडतो. हा विकार बहुधा जन्मजात नसतो. ड्यूरामधील मोठ्या शिरामार्गात गुठळी झाल्यानंतर, डोक्याला मार बसल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर तो उद्भवू शकतो, मात्र पुष्कळ रुग्णांत कारण सापडत नाही.

लक्षणे जोडाच्या जागेवर आणि त्याहूनही अधिक रक्ताच्या परतीच्या वाटेवर अवलंबून असतात. नाडीच्या ठोक्याबरोबर कानात घुमणारा आवाज हे नेहमीचे लक्षण असून, कधी कधी कानामागच्या हाडावर स्टेथोस्कोप टेकवला की तोच आवाज डॉक्टरांनाही स्पष्ट ऐकू येतो. म्हणूनच अशी तक्रार केवळ मनाचा भास समजून सोडून देऊ नये. डोळ्यामागच्या कॅव्हर्नस सायनस या शिरामार्गात जोड असल्यास डोळा लाल होतो, पुढे येतो, दुहेरी दिसू लागते. रक्त उलटे फिरून मेंदूच्या पृष्ठभागावरील शिरांत शिरू लागले, तर झटके, स्मृतिभ्रंशासारखी अवस्था किंवा प्रत्यक्ष रक्तस्राव होऊ शकतो. १९९५ साली मांडलेल्या बॉर्डेन आणि कॉन्यार या दोन्ही वर्गीकरणांचा कणा हाच आहे: पृष्ठभागावरील शिरांत रक्त उलटे जाते की नाही. जात असेल तर उपचार टाळता येत नाही; जात नसेल आणि त्रास सौम्य असेल, तर लक्ष ठेवून थांबणेही योग्य ठरते.

निदान एमआरआय वा सीटीवर सुचले, तरी उपचाराचा आराखडा कॅथेटर अँजिओग्राफीवरच, म्हणजे बारीक नळीतून घेतलेल्या रक्तवाहिन्यांच्या एक्स-रे चित्रांवरच ठरतो. धमन्यांत एकेक करून रंगद्रव्य सोडले जाते आणि प्रत्येक चित्रमालिकेत शिरा किती लवकर भरते, हे पाहिले जाते. धमनीच्या टप्प्यातच शिरा भरलेली दिसली, की जोड सापडला.

प्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन करतात. जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून कॅथेटर मानेपर्यंत नेला जातो आणि त्याच्या आतून मायक्रोकॅथेटर जोडाजवळ पोचवला जातो. धमनीमार्गाने जायचे असल्यास ड्यूराला रक्त पुरवणारी मधली मेनिंजियल धमनी ही आवडती वाट असते. कॅव्हर्नस सायनसमधील जोडासाठी मात्र उलट बाजूने, म्हणजे शिरेतून जाऊन कॉइल, म्हणजे बारीक तारेच्या गुंडाळ्या, भरणे अनेकदा सोयीचे पडते. प्लॅटिनमच्या, हव्या त्या क्षणी सुट्या करता येणाऱ्या अशा कॉइल १९९१ साली गुग्लिएल्मी यांनी प्रसिद्ध केल्या. वाहिनीत बसताच घट्ट होणारा ग्लू आणि ऑनिक्ससारखे द्रव पदार्थही वापरले जातात. ऑनिक्समध्ये डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेला बहुवारिक (पॉलिमर) असतो आणि एक्स-रेवर दिसावा म्हणून त्यात टँटलम या धातूची भुकटी मिसळतात. ती तळाशी बसू नये म्हणून कुपी वापरापूर्वी २० मिनिटे हलवत ठेवावी लागते. डीएमएसओ श्वासावाटे बाहेर पडत असल्याने प्रक्रियेनंतर रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो. नातेवाइकांना याची आधीच कल्पना दिलेली बरी.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पदार्थ नेमका कुठे पोचायला हवा, हा आहे. केवळ धमन्या बंद केल्या, तर आसपासच्या दुसऱ्या धमन्या तो जोड पुन्हा भरू लागतात. म्हणून पदार्थाने जोड ओलांडून शिरेच्या सुरुवातीच्या भागात शिरले पाहिजे. त्याहून मागे थांबला तर काम अर्धवट राहते, आणि निरोगी मेंदूचे रक्त वाहून नेणाऱ्या शिरेत फार पुढे गेला तर नवाच धोका उभा राहतो. त्यासाठी ऑनिक्स अगदी सावकाश सोडतात, तो मायक्रोकॅथेटरच्या टोकाभोवती मागे येऊ लागला की थांबतात आणि थोड्या वेळाने पुन्हा ढकलतात. पडद्यावर काळी रेघ इंचाइंचाने पुढे सरकताना पाहणे हा यातला सर्वाधिक एकाग्रतेचा भाग आहे.

धोक्यांचे मूळ बहुतेक वेळा वाहिन्यांच्या लपलेल्या संबंधांत असते. मधल्या मेनिंजियल धमनीच्या शाखा डोळ्याच्या धमनीशी जुळलेल्या असू शकतात आणि चेहऱ्याच्या चेतातंतूलाही रक्त पुरवतात; तिकडे पदार्थ गेल्यास दृष्टी जाऊ शकते किंवा चेहरा वाकडा होऊ शकतो. ड्यूरा ताणली गेल्याने हृदयाचे ठोके अचानक मंदावणे हेही घडू शकते, म्हणून भूलतज्ज्ञ त्यासाठी तयार असतात.

शेवटच्या चित्रात जोड दिसेनासा झाला, तरी काही महिन्यांनी अँजिओग्राफी पुन्हा करतात, कारण त्या दिवशी न दिसलेली एखादी बारीक वाट नंतर उघडलेली आढळू शकते. जोड उरलाच, तर दुसरी बैठक, शस्त्रक्रियेने शिरा तोडणे किंवा किरणोपचार यांपैकी पर्याय निवडला जातो.