सिम्प्सन, विल्यम

सिम्प्सन, विल्यम : (२८ ऑक्टोबर १८२३ – १७ ऑगस्ट १८९९). व्हिक्टोरियन काळातील स्कॉटिश जलरंगचित्रकार व युद्धचित्रवार्ताहर. त्याचा जन्म ग्लासगो येथे एका गरीब कुटुंबात झाला. पर्थ येथे आजीकडे असताना मिळालेले सुमारे सव्वा वर्षाचे शिक्षण सोडले, तर शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. लहान वयातच तो ग्लासगोतील एका शिळामुद्रकाकडे (दगडावर चित्र काढून त्याचे ठसे छापणाऱ्याकडे) उमेदवारी करू लागला आणि १८५१ मध्ये लंडनच्या ‘डे अँड सन’ या नामांकित शिळामुद्रण संस्थेत दाखल झाला. चित्र हे अखेर छापण्यासाठीच काढायचे, ही सवय त्याला येथे लागली. त्याच्या यशाचे आणि पुढे झालेल्या नुकसानीचेही मूळ तीत आहे.

ब्रिटन व त्याच्या मित्रराष्ट्रांनी रशियाविरुद्ध लढलेल्या क्रिमियाच्या युद्धाची (१८५३–५६) चित्रे काढण्यासाठी कोल्नागी या प्रकाशकांनी त्याला पाठविले. नोव्हेंबर १८५४ मध्ये तो क्रिमियातील बालाक्लाव्हा या बंदरात पोहोचला, तेव्हा तेथील ब्रिटिशांचा प्रसिद्ध घोडदळ-हल्ला होऊन तीन आठवडे लोटले होते. त्यामुळे ते दृश्य त्याला इतरांना विचारूनच उभे करावे लागले. त्या हल्ल्याचे नेतृत्व करणाऱ्या लॉर्ड कार्डिगनने त्याची पहिली दोन रेखाटने नापसंत केली आणि तो स्वतः ठळकपणे आघाडीवर दिसेल असे तिसरे मात्र वाखाणले. प्रत्यक्षदर्शी म्हणून गाजलेल्या चित्रांकडे पाहताना हा किस्सा विसरू नये. तरीही खंदक, चिखल आणि जखमींची ने-आण त्याने जवळून पाहून रंगविली. त्या काळच्या छायाचित्रणाला हलती माणसे टिपता येत नसल्याने या चित्रांना मोठी मागणी आली आणि त्याला ‘क्रिमियन सिम्प्सन’ हे नाव पडले.

१८५७ च्या उठावानंतर भारताविषयी इंग्लंडमध्ये वाढलेले कुतूहल हेरून ‘डे अँड सन’ने १८५९ मध्ये त्याला भारतात पाठविले. स्कॉटिश चित्रकार डेव्हिड रॉबर्ट्सच्या पवित्र भूमीवरील (पॅलेस्टाइन व आसपासच्या प्रदेशावरील) चित्रमालेच्या तोडीचा ग्रंथ काढावा, असा बेत होता. व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंगच्या दौऱ्याबरोबर आणि एकट्यानेही तो दिल्ली, लखनौ, हिमालय, काश्मीर असा १८६२ पर्यंत हिंडला. मुंबईतील कुलाब्याचा कापूसबाजारही त्याने रंगविला. परतल्यावर कच्च्या रेखाटनांवरून त्याने सुमारे २५० जलरंगचित्रे पूर्ण केली. तोच संस्थेचे दिवाळे निघाले आणि कित्येक वर्षांचे हे काम दिवाळखोराची मालमत्ता म्हणून विकले गेले. ‘इंडिया एन्शंट अँड मॉडर्न’ (१८६७) या ग्रंथात त्यांपैकी अवघी ५० चित्रे रंगीत शिळाछापात प्रसिद्ध झाली. आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठा आघात तो यालाच मानीत असे.

त्यानंतर ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकासाठी तो ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया), फ्रान्स, चीन व अमेरिका येथे गेला, तसेच १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्यानिमित्त पुन्हा भारतात आला. या साप्ताहिकासाठी त्याची रेखाटने लाकडी ठशांवर कोरली जात, त्यामुळे रंगाला वाव उरला नाही. पुरातत्त्वाची आवड मात्र त्याने जोपासली : अफगाण युद्धाच्या काळात, १८७९ मध्ये, त्याने जलालाबादजवळील अहिनपोश या बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले आणि तेथे सोन्याची नाणी सापडली. लंडनमधील विल्सडेन येथे त्याचे निधन झाले. त्याचे आत्मचरित्र १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले.