अवतरणचिन्हाच्या घरात ‘ष’: जुन्या मराठी फायली साध्या टेक्स्टमध्ये नेण्यामागचा इतिहास

लातूर, नांदेड, परभणीच्या जुन्या डीटीपी सेंटरमध्ये कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टात टाइप केलेल्या फायलींचे ढीग अजून पडून आहेत. लग्नपत्रिका, स्मरणिका, निविदा, सोसायटीचे अहवाल असे सगळे काही त्यात असते. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या मानकात, आणून साध्या टेक्स्ट फायलीत काढायच्या म्हटले की आधी अवतरणचिन्हे बिघडतात, आणि त्यांच्यामागोमाग ‘श’ आणि ‘ष’ही जातात. वरवर पाहता चिन्हांचा आणि या अक्षरांचा काही संबंध नाही. तो आला आहे मागच्या साठ वर्षांत.

मुळात हे चिन्ह मराठीचे नव्हेच. मोडी दफ्तरात विरामचिन्हे नाहीत, दोन शब्दांत मोकळी जागाही नाही. महानुभावांच्या गद्यात संवाद पुष्कळ, पण कोण बोलतो ते ‘म्हणितलें’ या क्रियापदावरून कळते. विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात छापखान्याबरोबर आली. ती मराठीत रुळवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. छापखान्यात उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या अवतरणचिन्हाचे खिळे वेगळे असत. इंग्रजी टंकयंत्रावर कळा मोजक्या, म्हणून दोन्हींचे काम एकाच सरळ चिन्हावर भागवले गेले. १९६३ साली संगणकात प्रत्येक इंग्रजी अक्षराला आणि चिन्हाला क्रमांकाचे एक घर देणारी आस्की ही संकेतप्रणाली ठरली तेव्हा तिच्या १२८ घरांतही सरळ चिन्हेच आली: दुहेरी ३४ व्या घरात, एकेरी ३९ व्या. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकाने खालची १२८ घरे आस्कीची तशीच ठेवली आणि देवनागरी वरच्या अर्ध्यात बसवली. त्यामुळे त्यातही वळणदार, म्हणजे उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या वेगवेगळ्या, चिन्हांना जागा नव्हती.

विंडोजने वळणदार चिन्हांना १४५ ते १४८ ही घरे दिली, मॅकिंटॉशने २१० ते २१३. त्यात विंडोजमध्ये आधी एकेरी आणि मग दुहेरी, तर मॅकमध्ये नेमके उलटे.

खरा घोळ आपल्या फॉन्टांनी घातला. कृतिदेव घराण्यातल्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्याच घरांत देवनागरी आकार ठेवले. ३९ व्या घरात, म्हणजे सरळ एकेरी चिन्हाच्या जागी, अर्धा ‘श’ आहे. ३४ व्या घरात अर्धा ‘ष’. ऋकाराची खूण इंग्रजी कळफलकावरच्या उलट्या टिचकीच्या (`) घरात. म्हणून ‘महाराष्ट्र शासन’ एवढे दोनच शब्द टाइप केले तरी फायलीत एक सरळ दुहेरी आणि एक सरळ एकेरी चिन्ह साठते. ‘कृषी’ या दोन अक्षरी शब्दात उलटी टिचकी आणि दुहेरी चिन्ह शेजारी शेजारी येतात. खऱ्या एकेरी अवतरणासाठी मात्र कॅरट (^) आणि तारा (*) ही चिन्हे वापरावी लागतात. टाइप करणाऱ्याला यातले काही दिसत नाही, पडद्यावर मराठी स्वच्छच असते.

अशा मजकुरावर वर्डची सरळ चिन्हे आपोआप वळवणारी सोय चालू राहिली तर काय होते पाहा. वर्डचा नियम साधा आहे: आधी मोकळी जागा किंवा ओळीची सुरुवात असेल तर उघडणारे चिन्ह, नाहीतर मिटणारे. ‘शासन’चा अर्धा ‘श’ शब्दाच्या सुरुवातीला, म्हणून तो उघडणारे एकेरी झाला. ‘महाराष्ट्र’मधला अर्धा ‘ष’ शब्दाच्या पोटात, म्हणून तो मिटणारे दुहेरी. मजकूर युनिकोडमध्ये नेणाऱ्या कन्व्हर्टरने ही शक्यता धरली नसेल तर बाहेर ‘महारा”ट्र’ पडते. काही कन्व्हर्टर ती धरतात, पण नमुन्याचे एक पान काढून बघितल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नये.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी फाइल, पर्याय, प्रूफिंग या वाटेने ऑटोकरेक्टमध्ये जाऊन टाइप करतानाच्या बदलांतली ही सोय बंद करावी. मग कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. अवतरणचिन्हांना हात लावायचा तो त्यानंतर. हा क्रम उलटा केला, म्हणजे कृतिदेवातच ‘सगळी वळणदार चिन्हे सरळ करा’ असे चालवले, तर बाहेरून चिकटवलेल्या उताऱ्यांतली खरी अवतरणे अर्धा ‘श’ होऊन बसतात आणि नंतर ओळखूही येत नाहीत.

रूपांतर झाल्यावर दोन्ही बाजूंना अक्षर चिकटलेले अवतरणचिन्ह शोधावे. बहुतेक वेळा तिथे ‘श’ किंवा ‘ष’ हरवलेला असतो. बहुतेक वेळा, कारण मराठीत विभक्ती अवतरणाच्या बाहेर जोडतात: ‘हिमरू’चा, ‘पैठणी’ला. तेव्हा एका झटक्यात सगळे बदलू नये, एकेक ठिकाण डोळ्यांखालून घालावे. इंग्रजीतल्या अपॉस्ट्रॉफीचा त्रास आपल्याला फारसा नाही. मात्र प्लॉटच्या जाहिरातीत ३०' × ४०' लिहिले की वळवणारी सोय फुटाच्या खुणेलाही मिटणारे अवतरण समजते. सरळ ‘३० फूट’ लिहावे.

युनिकोडने १९९१ मध्येच चारही वळणदार चिन्हांना स्वतंत्र घरे दिली. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत त्यांतले प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे होते. उघडणारे दुहेरी म्हणजे २२६, १२८, १५६. मिटणारे म्हणजे २२६, १२८, १५७. अशी फाइल विंडोजच्या जुन्या संकेतात उघडली की टोपी घातलेला इंग्रजी ए, युरोची खूण आणि पुढे आणखी एखादे चिन्ह दिसते. त्या संकेतात १५६ ला अक्षर आहे, १५७ चे घर रिकामे आहे. म्हणून अशी बिघडलेली फाइल पुन्हा जतन झाली की उघडणारे चिन्ह नंतर दुरुस्त करता येते, मिटणाऱ्याचा शेवटचा बाइट मात्र गळण्याची भीती असते.

वर्डमधून साधे टेक्स्ट काढताना संकेत विचारला जातो. तिथे ‘विंडोज डिफॉल्ट’ ठेवले तर गंमत होते: वळणदार चिन्हे सुखरूप आणि सगळे मराठी प्रश्नचिन्हांत. ‘इतर संकेत’मधून यूटीएफ-८ निवडावे. यूटीएफ-८ मध्ये वळणदार चिन्हे सरळ करण्याची गरज नाही. ती करायची फक्त प्रोग्रामच्या कोडसाठी किंवा सरळच चिन्ह मागणाऱ्या फॉर्मसाठी.

सीएसव्हीची, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणाऱ्या साध्या टेक्स्ट यादीची, गोष्ट वेगळी. तिथे सरळ दुहेरी चिन्ह रकान्याची कड दाखवते, आणि रकान्याच्या आत ते हवे असेल तर दोनदा लिहावे लागते. कृतिदेवातली नावांची यादी तशीच हाताने जोडून सीएसव्ही केली, तर ‘षण्मुख’ नावाच्या सभासदाचा रकाना दुहेरी चिन्हानेच सुरू होतो. त्यापुढे जिथे पुढचे दुहेरी चिन्ह सापडेल, कदाचित चार ओळींखालच्या ‘संतोष’मध्ये, तिथपर्यंतचा सगळा मजकूर त्या एकाच रकान्यात जाऊन बसतो.