बरणीतलं मीठ, खळ्यातला चढ आणि गाडीच्या मागचा कॅमेरा

मालवणजवळचं आमचं घर रस्त्याखाली आहे. गाडी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उतरवायची ती सरळ, आणि बाहेर काढायची ती उलटी, जांभ्याच्या दोन गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, चढ चढवत. मागे काकू उभी राहून सांगते. एकदा ती "थांब गो, मागे वासरू आसा!" म्हणून ओरडली, तेव्हा आरशात मला फक्त माडांचे शेंडे दिसत होते. वासरू बंपरला जवळजवळ टेकून बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुंभ घेऊन मापं काढली. सीटवर बसल्यावर माझे डोळे जमिनीपासून १२० सेंमीवर. मागच्या काचेची खालची कड १०० सेंमीवर, डोळ्यांपासून २ मीटर मागे. म्हणजे नजरेची रेघ दर मीटरला १० सेंमी खाली उतरते. ६० सेंमी उंचीचं, उकिडवं बसलेलं मूल दिसायचं तर ते काचेच्या निदान ४ मीटर मागे हवं. त्याच्या अलीकडे ते पत्र्याआड असतं. आरसा कितीही पुसला तरी दिसणार नाही.

अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना पार्किंग सेन्सर, म्हणजे मागे अडथळा आला की इशारा देणारे सेन्सर, सक्तीचे झाले. त्याआधीच्या छोट्या गाडीला कॅमेरा आपणच बसवायचा, आणि हाताला थोडी सवय असेल तर तो घरी बसतो.

कॅमेऱ्याला वीज मिळते ती रिव्हर्सच्या दिव्यातून. गिअरबॉक्सवर एक स्विच असतो. रिव्हर्स टाकला की तो जुळतो, मागचा पांढरा दिवा लागतो आणि त्याच १२ व्होल्टवर कॅमेरा जागा होतो. चित्राच्या केबलसोबत एक बारीक तार असते; ती हीच खबर पुढच्या स्क्रीनला देते, की आता गाणी बाजूला ठेव आणि मागचं दाखव. दिव्याची नेमकी तार शोधताना चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, रिव्हर्स टाका, इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवा आणि व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावा. तार सापडली की बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवूनच पुढचं काम. केबल पुढे नेताना दाराच्या उंबऱ्यावरच्या पट्टीखालून न्या. बाजूच्या खांबांत काही गाड्यांना एअरबॅग असते, तिथे हात घालू नका.

पत्र्याला भोक पाडायचा मोह टाळा. भोकाची कड उघडी पडते आणि आपल्या हवेत गंज तिथूनच धरतो. नंबरप्लेटच्या स्क्रूवर बसणारा कॅमेरा घ्या.

सगळ्यात किचकट काम डिकीच्या झाकणापाशी. झाकणातून गाडीच्या अंगात तारा नेणारी घड्याघड्यांची रबरी नळी असते, तिच्यातून नवी केबल ओढायची. मी माडाच्या झावळीचा ओला हीर सोलून घेतला, केबलचं टोक त्याला टेपने बांधलं, नळीत साबणाचं पाणी सोडलं. तिसऱ्या खेपेला हीर पलीकडे निघाला. सुकलेला हीर घडीत मोडतो, म्हणून ओलाच हवा. आणि हाताशी आहे म्हणून खोबरेल लावू नका. तेलाने काही रबरं फुगतात.

मागचा कॅमेरा चित्र मुद्दाम आरशासारखं उलटवून दाखवतो, म्हणजे गाडीच्या डाव्या अंगाला असलेली वस्तू स्क्रीनवरही डावीकडेच येते. खात्री करायला मागे डाव्या बाजूला एक असोला नारळ ठेवा. तो उजवीकडे दिसला तर कॅमेरा पुढच्या बाजूसाठीच्या जुळणीत आहे. पुष्कळ कॅमेऱ्यांना यासाठी एक छोटी वेटोळी तार असते. सोबतचा कागद बघून ती कापायची. हे तपासल्याशिवाय गाडी हलवू नका.

माझा पहिला कॅमेरा दुसऱ्या पावसाळ्यात गेला. आधी चित्रावर आडवे पट्टे सरकू लागले, मग स्क्रीन नुसती निळी. खोक्यावर आयपी ६७ छापलं होतं आणि ते खरंच होतं: ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतो. पण ती चाचणी गोड्या पाण्याची, आणि तीही कॅमेऱ्याच्या डबीची. आपण घरी घातलेल्या सांध्याची चाचणी कोण घेणार? मी सांध्यावरची काळी टेप सोडवली तर आत हिरवी भुकटी होती. तार वीतभर सोलली तरी आतलं तांबं काळंच.

लाटा फुटतात तेव्हा फेसातले बुडबुडे फुटून खाऱ्या पाण्याचे बारीक कण उडतात. ते वाऱ्यावर घरादारापर्यंत येतात, पाणी सुकतं, मीठ राहतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. जून लागला की बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर सुमारे ३३ टक्क्यांनाच ओलं होतं, म्हणजे किनाऱ्यावर जवळजवळ बारा महिने. उघड्या पत्र्यावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. टेपच्या आत पाऊस पोचत नाही, ओल मात्र पोचते. म्हणून झाकलेला सांधा उघड्या पत्र्याआधी कुजतो.

त्या ओलीवर १२ व्होल्ट आले की शाळेतला विद्युत अपघटनाचा प्रयोगच सुरू होतो. पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळून ओलीत उतरतं आणि क्लोराइडशी जुळून हिरवे क्षार बनतात. तारेतले बारीक धागे समईच्या वातीसारखे पाणी आतआत ओढतात. वीतभर काळं तांबं त्याचंच. पट्टे सरकत होते ते अर्थिंगचा सांधा खराब झाल्यामुळे. कॅमेऱ्याची परतीची वीज चित्राच्या केबलच्या आवरणातून वाट काढू लागली आणि इंजिन चालू असताना अल्टरनेटरची, म्हणजे गाडीची वीज बनवणाऱ्या यंत्राची, धडधड चित्रात मिसळली.

दुसऱ्या वेळी सांधे डाग दिले, वर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी, घालून तापवली. दातेरी क्लिपा वापरल्या नाहीत. त्या तारेचं आवरण कापतात आणि मिठाला दार उघडून देतात. आणि केबलला सांध्याच्या खाली एक झोळ दिला. पागोळ्या जशा वळचणीला गळतात, तसं केबलवरून वाहणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, सांध्यापर्यंत चढत नाही.

आता स्क्रीनवरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेघा. त्या अंतर मोजत नाहीत. गाडीमागची जमीन गाडीच्याच पातळीत सपाट आहे असं धरून आखलेल्या त्या ठरावीक रेघा असतात. आमच्या खळ्यात ते गृहीतक पहिल्याच मीटरला मोडतं. माझा कॅमेरा ८० सेंमी उंचीवर आहे. सपाटीवर २ मीटरवरची वस्तू त्याच्या ८० सेंमी खाली असते. पण मागे लगेच पाचास एक असा चढ सुरू झाला, तर २ मीटरवरची जमीन ४० सेंमीने वर आलेली असते. कॅमेऱ्याला ती ज्या कोनात दिसते, त्याच कोनात सपाटीवरची ४ मीटरवरची जमीन दिसते. म्हणजे २ मीटरवर बसलेलं वासरू रेघांच्या हिशेबाने ४ मीटरवर! त्यातच रुंद कोनाची लेन्स सगळंच लहान आणि लांब भासवते. मागची चाकं चढाला लागली, गाडी कलली, की रेघा पुन्हा बऱ्यापैकी जुळतात. धोका असतो तो चढाच्या पायथ्याशी.

म्हणून गाडी खळ्यात नेहमीच्या जागी उभी केली, सुंभाने बंपरपासून १, २ आणि ३ मीटर मोजले आणि दोन्ही गडग्यांवर चुन्याचे पट्टे ओढले. स्क्रीनवर ते पट्टे दिसतात. मी त्यांच्यावरून अंतर धरते, रंगीत रेघांकडे बघत नाही. पावसात चुना धुपतो, तेव्हा गणपतीच्या आधी एकदा पुन्हा ओढायला लागतो. चढाच्या माथ्यावर गडग्याआडून येणारी मोटरसायकल मात्र या कॅमेऱ्यात दिसत नाही. तिथे मी अजून थांबते, आणि काकू "ये" म्हणाली की मगच गाडी रस्त्यावर घेते.